जाळीच्या कपाटातली दारं

“मॅडम, तुम्ही कधी कुणाला इतकं मारलंय का, की तो ‘आई गं’ म्हणून रडला?”

प्रश्न माझा नव्हता. पेन्सिल आणि भोंगा या माझ्या दोन मैत्रिणींनी मला पैजेवर उभं केलं होतं. पेन्सिल उंच, बारीक आणि सारखी टोचणारी. भोंग्याबद्दल वेगळं सांगायला नको. “दम असेल तर विचार,” म्हणाल्या. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायचे. यंदा माझ्यात काय शिरलं होतं कोण जाणे, कुणी दमाचं नाव काढलं की मी उभीच!

सभागृहात दीडशे मुली खिदळल्या. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. पण समोरच्या हवालदारबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. स्वतःचं रक्षण कसं करायचं हे शिकवायला त्या तीन दिवसांसाठी आमच्या शाळेत आल्या होत्या.

“मारलंय,” त्या म्हणाल्या. “एकदा. बसमधला पाकीटमार. त्याच्या हातात ब्लेड होतं. मी मनगट पिरगाळलं ते मोडलंच. तो रडला. मला दोन दिवस घास गिळवला नाही. पुढचा प्रश्न?”



मग त्यांनी मलाच पुढे बोलावलं आणि माझ्यावर सगळं करून दाखवलं. केस धरले तर काय, मागून मिठी मारली तर काय. “वस्तूसाठी मारामारी करायची नाही. बॅग मागितली, फेकायची. मोबाइल मागितला, फेकायचा, आणि उलट्या दिशेला पळायचं. मारायचं ते फक्त सुटण्यासाठी. डोळे, नाक, गुडघा. आणि नुसतं ‘वाचवा’ ओरडू नका. काय चाललंय ते ओरडा. निळा शर्ट, माझी बॅग ओढतोय! लोकांना कुणाकडे बघायचं ते कळलं पाहिजे.” शेवटी त्या म्हणाल्या, “आणि गावाला जाताना घर बंद आहे हे जगजाहीर करू नका.” यावर सगळ्यात जोरात मान मीच हलवली.

पुढचा महिना मी कुणाला सुखाने जगू दिलं नाही. पेन्सिलला दोनदा लोळवलं. भोंग्याच्या नाकातून रक्त काढलं, तेही तिने स्वतःहून “दाखव ना” म्हटल्यावर. घरात आई मागून आली तरी मी वळून पवित्रा घ्यायचे. “अगं, मी पोळपाट घ्यायला आलेय, तुझा जीव घ्यायला नाही,” आई म्हणायची. आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. तिचा आवाज माइकशिवाय सहाव्या फलाटापर्यंत जातो. माझ्याकडे आला तो तिच्याकडूनच, फक्त जरा उशिरा.

बाबा मात्र हळू बोलतात. आमचं किल्ल्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे, पडद्याआड, आमच्या दोन खोल्या. हरवलेल्या किल्ल्या बनवायच्या, अडकलेली कुलपं उघडायची, हे तर सगळेच किल्लीवाले करतात. बाबांचं वेगळेपण म्हणजे जाळीचं कपाट. आमच्या पेठेतल्या चाळीसेक घरांची एकेक किल्ली बाबांकडे असते. कुणाचं दार आपोआप लागतं, कुणाची म्हातारी आत अडकते, कुणी परगावी जातं आणि झाडांना पाणी घालायचं असतं. कुणी बाबांना कधी पावती मागितली नाही. “त्यांच्याकडे आहे ना, मग झालं,” असं लोक म्हणतात. बाबांना दुसऱ्या कशाचाही गर्व नाही, पण हे वाक्य ऐकलं की ते उगीचच कानस उचलून काहीतरी घासायला लागतात.

पूर्वी त्या किल्ल्यांना नुसते आकडे होते आणि कुठला आकडा कुणाचा हे लिहिलेली वही घरात, आईच्या साड्यांखाली. किल्ली लागली की वही शोधा, चष्मा शोधा. म्हणून या वर्षी बाबांच्या वाढदिवसाला मी चाळीस लाकडी चकत्या आणल्या आणि प्रत्येकीवर त्या त्या घराचं दार रंगवलं. शिंपीकाकांचं निळं दार, त्यावरची कैची. बँकवाल्या मावशींचं पिवळं दार, शेजारी तीन कुंड्या. दंतवैद्यांचं पांढरं, त्याला मी मुद्दाम दोन दात काढले होते. मागची बाजू लाल. घर बंद असेल, माणसं परगावी असतील, तर चकती उलटी लटकवायची. लाल दिसलं की बाबांनी संध्याकाळी तिथे फेरी मारायची. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हो! वही साड्यांखालीच राहिली.

जाळीतून सगळं दिसायचं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कौतुक करायचं.

त्यातला एक जरा जास्तच करायचा. तिशीतला, स्वच्छ दाढी केलेला, गोड बोलणारा. आठवड्यात तीनदा आला. एकदा सायकलच्या कुलपासाठी, एकदा पेटीच्या, एकदा नुसतं तेल मागायला. प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, “छान, छान.” मी त्याचं नावच छान-छान ठेवलं होतं.

“हे सगळं तू काढलंस? छान! आणि हे लाल का गं?”

बाबा तेव्हा शेजारी कुलूप बसवायला गेले होते. मी गल्ल्यामागे राणीसारखी बसले होते. आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. उलटं म्हणजे काय, फेरी किती वाजता, आकड्यांपेक्षा माझी पद्धत कशी भारी. तो म्हणाला, “फारच छान.”

मंगळवारी दुपारी साडेतीनला तो परत आला, सोबत कानटोपी घातलेला एक जाड माणूस घेऊन. त्या वेळेला आमचा बाजार पेंगलेला असतो. अर्धी शटर खाली असतात. शाळा लवकर सुटली होती, मी गणवेशातच दुकानात बसून भूमितीशी झटापट करत होते. बाबा वाइसवर वाकले होते. वाइस म्हणजे बाकाला पक्का बसवलेला लोखंडी जबडा. आडवा दांडा फिरवला की दोन ओठ आवळत जातात आणि किल्ली हलत नाही.

“या,” बाबा म्हणाले, “आता काय हरवलं?”

छान-छान हसला. कानटोप्याने मागे हात घालून शटर गुडघ्यापर्यंत ओढलं. इतक्या सवयीने की मला वाटलं, ऊन लागत असेल.

मग छान-छानने बाबांच्या पोटात गुडघा घातला.

आवाज अगदी साधा होता. गादी झटकावी तसा. बाबा बाकावर पडले आणि छान-छानने त्यांचा उजवा हात धरून वाइसच्या ओठांत ठेवला, दांडा एकदा गरकन फिरवला.

हवालदारबाईंनी शिकवलेलं सगळं माझ्या डोक्यातून पाण्यासारखं गळून गेलं. डोळे, नाक, गुडघा, काही नाही. मी हातात कंपास धरून बसून राहिले.

“जाळीच्या कपाटाची किल्ली,” छान-छान म्हणाला. आवाज तोच, गोड. हातोड्याने जाळी फोडली असती तर अख्खा बाजार जागा झाला असता, हे त्यालाही ठाऊक होतं. आणि त्या कपाटाचं कुलूप बाबांनी स्वतः बनवलेलं. ते कुणाच्या बापाला उघडलं नसतं.

“नाही,” बाबा म्हणाले.

दांडा अर्धा फिरला. बाबांच्या घशातून जे निघालं त्याला मी ओरडणं म्हणणार नाही. कानटोप्याने लगेच किल्ल्या पुसायचा बोळा त्यांच्या तोंडात कोंबला.

“किल्ली.”

बाबांनी मान हलवली. नाही.

दांडा परत फिरला. बाबांच्या करंगळीजवळून रक्त आलं आणि वाइसवरच्या तेलात मिसळत खाली टपकायला लागलं. मी ते थेंब मोजले. अकरा. बाराव्याला काहीतरी तडकलं, वाळकी काडी मोडावी तसं. बाबांचे डोळे वर गेले आणि परत खाली आले. ते माझ्याकडे बघत होते. बोळ्यामागून मान हलवत होते. नाही. सांगू नकोस. नाही.

“पोरगी सांगेल,” छान-छान म्हणाला. त्याने माझी वही उचलली, वरचं नाव, शाळा, तुकडी सगळं वाचलं. “नववी अ. छान अक्षर आहे. बाबांना दोन हात हवेत ना?”

मी सांगितलं. “ग्रीसच्या डब्यात. तळाशी.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना हाताचं जेवढं दुखलं नसेल तेवढं ते दुखलं, मला दिसलं.

कानटोप्याने ग्रीसमध्ये मनगटापर्यंत हात घालून किल्ली काढली. जाळीचं दार उघडलं. छान-छानने फक्त लाल चकत्या उतरवल्या. चार होत्या. एकेक पलटून बघितली. पिवळं दार कानटोप्याला दिलं. “हे इथून दोन मिनिटांवर आहे. तीन कुंड्या. पहिलं हे. आत गेलास की फोन कर.” कानटोप्या शटरखालून वाकून गेला. जाताना त्याने बाहेरच्या कुणाला तरी “दुकान बंद आहे” असं सांगितलेलं मला ऐकू आलं.

आता आम्ही तिघंच. छान-छानने वाइसचा दांडा सर्रकन ओढून बाहेर काढला. त्या दांड्याच्या एका टोकाची गुंडी कधीच पडून गेली होती. बाबा दरवेळी म्हणायचे, बसवू एकदा. दांडा नसला की वाइस उघडत नाही. बाबा तिथे खिळलेले, आणि वीतभर लोखंड त्याच्या हातात.

“तोंडं बघितलीत ना आमची?” तो म्हणाला. “मग आता विसरायला शिका. मी शाळेच्या फाटकापाशी रोज उभा राहू शकतो. मला काही काम नसतं.”

मी रडत होते. रडताना एक गोष्ट मात्र मनात घट्ट धरून बसले होते: बँकवाल्या मावशी बहिणीकडे गेल्यात. घर रिकामं आहे. जाऊ दे वस्तू. वस्तूच आहेत.

फोन वाजला. त्याने कानाला लावला, पण कानटोप्याचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

“अरे, आत बाई आहे! झोपली होती, उठली—”

आणि त्याच्या मागून मावशींचा आवाज. “कोण आहे? कोण रे तू?” तापाने घोगरा झालेला, पण त्यांचाच. मला बेरजा शिकवणारा. त्या एक दिवस आधीच परत आल्या होत्या. स्वतःच्या किल्लीने दार उघडून, गोळी घेऊन झोपल्या होत्या. चकती अजून लालच होती.

“गप्प कर तिला,” छान-छान फोनवर म्हणाला.

“कशी?”

“रॉड कशाला दिलाय?”

मग फोनमधून जे आलं ते मी लिहिणार नाही. मी लिहायचा प्रयत्न केला आणि खोडलं. एवढंच सांगते, की तिसऱ्या वेळेनंतर मावशींचा आवाज आला नाही.

मला कुणी ढकललं नाही, कुणी पैज लावली नाही. किल्ली कापायच्या मशीनखाली पत्र्याचा ट्रे असतो. त्यात आठवडाभराचा पितळेचा कीस साठतो, बारीक, सोनेरी, सुईसारखा. आई तो उघड्या हाताने उचलू देत नाही. मी दोन्ही मुठी भरल्या आणि त्याच्या तोंडावर फेकल्या. फोनसकट, त्या “छान”सकट.

तो किंचाळला. आणि आंधळा माणूस डोळस माणसापेक्षा भयंकर असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने दांडा गरागरा फिरवला. गल्ल्याची काच फुटली. दुसरा फटका माझ्या खांद्यावर बसला आणि डावा हात माझा राहिला नाही, खांद्याला कुणीतरी दुसऱ्याचं लाकूड बांधल्यासारखा. मी नाकावर मारायला गेले ते हनुवटीवर लागलं. त्याला माझी वेणी सापडली. त्याने वेणी गुंडाळून माझं तोंड बाकावर आपटलं, एकदा, दोनदा. माझा पुढचा दात तुटला. तो जिभेवर खड्यासारखा आला आणि मी तो थुंकून टाकला, आणि थुंकताना माझ्या तोंडापाशी त्याचा अंगठा होता. मी चावले. दातावर दात लागेपर्यंत चावले. रक्ताची चव त्याची होती की माझी, सांगता येत नाही.

दांडा खाली पडला. मी तो उजव्या हाताने उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. कडाक! तो बसला. मी परत घातला. तिसऱ्यांदा हात वर नेला तेव्हा मी त्याच्या डोक्याकडे बघत होते. गुडघ्याकडे नाही. मला आठवतंय, मी डोक्याकडे बघत होते आणि मला ते हवं होतं.

बाबांनी पाय आपटला. तोंडात बोळा असलेला माणूस दुसरं काय करणार? जमिनीवर टाच आपटली, जोरात, दोनदा. मी वळले. तेवढ्यात छान-छान सरपटत शटरखालून निघाला आणि लंगडत, डोळ्यांवर हात धरून बाजारातून पळाला. लाल चकत्यांच्या तीन किल्ल्या इथेच काचेत पडलेल्या.

मग मी ओरडले. “राखाडी शर्ट! डोळे धरून पळतोय! पिवळ्या दाराच्या घरात बघा, मावशींना मारताहेत!” आवाज सहाव्या फलाटाच्याही पुढे गेला असणार, कारण सगळी शटरं एकदम खडखडली.

लोक येईपर्यंत मी दांडा वाइसमध्ये घालून उलटा फिरवला. घट्ट बसला होता. मला सगळं अंग टाकून तो फिरवावा लागला, आणि ओठ सुटताना बाबांना पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. बोळा काढल्यावर बाबांचं पहिलं वाक्य काय असावं? “तू मागच्या खोलीत झोपली होतीस. आवाजाने बाहेर आलीस. अंधारात दाराला धडकलीस, दात तुटला. काही बघितलं नाहीस. कळलं?”

“बाबा, साडेतीन वाजलेत, अंधार कुठला?”

“कळलं का?”

मी हो म्हटलं.

मावशी जिवंत आहेत. तीन बरगड्या, एक हात, आणि डोक्याला चौदा टाके. शिंपीकाका आणि चार जण धावत गेले म्हणून. कानटोप्या मागच्या भिंतीवरून पळाला, अजून सापडलेला नाही. छान-छान तिसऱ्या दिवशी सापडला. डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता, कामावर पितळ उडालं म्हणाला. डॉक्टरांना त्याचा सुजलेला गुडघा आणि अंगठ्यावरचे दातांचे ठसे बघून शंका आली.

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण बाबांनी ठाण्यात सांगितलं, “तोंडं नीट बघितली नाहीत. किल्ली मीच दिली. कीस मी डाव्या हाताने फेकला. मुलगी झोपली होती.”

ठाण्याचे साहेब आमच्या घरी आले. उजव्या हाताला प्लास्टर बांधून बसलेल्या बाबांसमोर खुर्ची ओढली. “पंधरा-वीस मिनिटं समोरासमोर होतात. एक माणूस त्याआधी तीनदा तुमच्याकडे येऊन गेला, असं शेजारचे सांगतात. आणि तोंड आठवत नाही?”

“नाही, साहेब.”

“दातांची एवढी मोठी खूण आहे त्याच्या अंगठ्यावर. लहान तोंडाची. कुणी चावलं?”

“धावपळीत काय झालं, आठवत नाही.”

साहेबांनी माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं. मी पडद्याकडे. “रविवारी सकाळी दहा वाजता ओळख परेड आहे,” ते उठताना म्हणाले. “कुणी ओळखलं नाही, तर पितळ काय कुणाच्याही डोळ्यांत जातं. वकील त्याला सोडवेल. आणि मग मला दुसऱ्या बाजूने विचार करावा लागेल. दार फोडलेलं नाही. बंद घरं कोणती हे आतल्या माणसालाच माहीत होतं.”

आतला माणूस! बाबा!

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. कुणी वाईट बोललं नाही. तेच तर वाईट. दंतवैद्य आले, “आमची किल्ली जरा द्याल का, पाहुणे येणार आहेत.” मग समोरच्या आजी. त्यांच्याकडेही पाहुणे. त्या आठवड्यात पेठेत इतके पाहुणे येणार होते की माणसं झोपणार कुठे? बाबा डाव्या हाताने कपाट उघडायचे, किल्ली काढून द्यायचे, “हो, हो, न्या ना” म्हणायचे. शनिवारी शिंपीकाका आले. मावशींसाठी धावलेले शिंपीकाका. त्यांनी पाहुण्यांचं कारणसुद्धा दिलं नाही. निळं दार हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “वाटणीवरून तुमचं त्या चोरांशी बिनसलं असं लोक म्हणतात. मी काही म्हणत नाही.”

ते गेल्यावर बाबा कानस घेऊन बसले. डाव्या हातात. घासायला समोर काहीच नव्हतं.

रात्रीचं जेवण कुणी धड जेवलं नाही. आईने स्वतःचं आणि बाबांचं ताट उचललं आणि पहिल्यांदा तिचा आवाज इतका हळू आला की मला पुढे वाकावं लागलं.

“एक माणूस मोकळा आहे,” ती म्हणाली. “त्याला हिची शाळा माहीत आहे, तुकडी माहीत आहे. लोक काय, महिनाभर बोलतील. हिला काही झालं तर मी कुठल्या खिडकीत जाऊन चौकशी करू?”

“तेच म्हणतोय मी,” बाबा म्हणाले. “मी उद्या जातो, ओळखत नाही म्हणतो, संपलं. दुकान दुसरीकडे काढू.”

“तुमच्याकडे किल्ली कोण ठेवणार दुसरीकडे?” मी विचारलं.

“नाही ठेवली तर नाही ठेवली. कुलपं दुरुस्त करीन.”

“एका हाताने?”

“ए,” आई म्हणाली, “तोंड सांभाळ.”

“दात नाही, काय सांभाळू?” मी म्हणाले आणि कुणी हसलं नाही. मीही नाही. मग मी ते सांगितलं जे मंगळवारपासून कुणालाच सांगितलं नव्हतं. की लाल म्हणजे काय हे छान-छानने मला विचारलं होतं, आणि मी गल्ल्यामागे बसून, पाय हलवत, सगळं सांगितलं होतं. फेरीच्या वेळेसकट. की तो अंदाजाने चालत नव्हता, मी आखून दिलेल्या रस्त्याने चालत होता. की फोनवर “रॉड कशाला दिलाय” हे तो म्हणाला ते माझ्याशिवाय आणि बाबांशिवाय कुणी ऐकलेलं नाही, आणि बाबा ते कधीच सांगणार नाहीत.

बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “त्याने उलट्या चकत्याच उचलल्या, तेव्हाच कळलं. म्हणून तर सांगितलं, तू झोपली होतीस.”

आईने तोंडाला पदर लावला.

 माझा डावा हात अजून वर होत नव्हता. मला छान-छानची भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते, कारण पेन्सिल आणि भोंगा हे वाचतील आणि त्यांना वाटेल मी शूर आहे. मला त्याच्या आवाजाची स्वप्नं पडतात. आणि त्याहून वाईट स्वप्न म्हणजे मी दांडा घेऊन उभी आहे आणि बाबा पाय आपटत नाहीत.

मी उठले. ताट अजून माझ्याच समोर होतं, ते बाजूला सरकवलं.

“आई, बाबा, ऐका. मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या दहा वाजता मी ठाण्यात जाणार. ओळीत कितीही माणसं उभी करू देत, मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहणार आणि बोट दाखवणार. मी काय बघितलं, काय ऐकलं, काय बोलले आणि कुणाला चावले, सगळं लिहून देणार. सोमवारपासून शाळेत कुणीतरी सोडायला-आणायला लागेल, ते मी साहेबांकडेच मागणार. बाबा, तुम्ही माझ्यासोबत यायचं आणि या वेळी खरं सांगायचं. नाही आलात, तर मी एकटी जाईन. पण जाणार.”